गुरुजींची जामीनकी

हे प्रकरण मी इतकी वर्षं टाळत आलो. चिखल्याची शाळा, समुद्र, चिकूच्या पेट्या, माझं आजारपण, सगळं लिहून झालं. मुलगी ते संगणकावर उतरवून देते. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "बाबा, डिप्लोमाला पैसे कुठून आले ते लिहिलंच नाहीत तुम्ही." मी म्हटलं, "कर्ज काढलं होतं." तिच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं. मी उठून पाणी प्यायलो आणि दोन दिवस कागदाला हात लावला नाही. बायकोला मी हे कधी सांगितलं नाही. अण्णांना आणि आईला ठाऊक होतं, ती दोघं गेली. ज्याला सगळं माहीत आहे असं आता एकच माणूस उरलं आहे, आणि त्या माणसाला मी लिहिलेलं वाचायची काही गरज नाही.

आमचं घर चिखल्याला, रस्त्यापासून आत, चिकूच्या वाडीच्या तोंडाशी. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे विहीर. पहाटे आधी समुद्राची गाज ऐकू यायची, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. घरात सुक्या बोंबलांचा आणि पिकत घातलेल्या चिकूंचा वास एकत्र असायचा. आम्हाला तो कळायचा नाही, पाहुणे सांगायचे तेव्हा कळायचं. दुपारी ओटीवर चिकू निवडायला बसायचं, मोठे एकीकडे, बारीक एकीकडे, चेपलेले घरात. पेट्या भरल्या की बैलगाडीतून स्टेशनवर जायच्या आणि तिथून दिल्लीला. अण्णा दिल्लीला कधी गेले नव्हते, पण दिल्लीच्या थंडीबद्दल मोठ्या अधिकाराने बोलायचे. "यंदा तिकडे थंडी लांबली, माल उचलत नाहीत," असं म्हणाले की आई म्हणायची, "तुम्हाला काय ती थंडी पत्र पाठवते?"

अण्णांनी विहिरीवर इंजिन बसवायला सोसायटीचं कर्ज काढलं होतं. पुढचे दोन हंगाम दिल्लीच्या व्यापाऱ्याने पैसे पाठवले नाहीत, आणि तिसऱ्या हंगामात त्याचा पत्ताच बदलला. हप्ते थकले. डहाणूला सोसायटीच्या दाराशी एक काळा फळा होता, त्यावर थकबाकीदारांची नावं पांढऱ्या रंगाने लिहिलेली. खडूने नव्हे, रंगाने. अण्णांचं नाव वरून तिसरं. तेव्हापासून अण्णा मासळी बाजाराला जाताना त्या रस्त्याने जात नसत. सायकल मागच्या गल्लीतून न्यायचे, आणि सोबत कोणी असलं तर म्हणायचे, "इकडे सावली आहे." गेल्या वर्षी नातीच्या शिक्षणाचं कर्ज घेताना जावयाचा क्रेडिट स्कोअर बघितला गेला. मोबाइलवर एक आकडा आला आणि जावयाने तो हाताने झाकून घेतला. मला त्या क्षणी मागच्या गल्लीतली सायकल दिसली.

बारावीत मला बरे गुण होते, पण सरकारी कॉलेजात नंबर लागेल इतके नव्हते. त्या सुमारास खासगी पॉलिटेक्निकं निघत होती. त्यातल्या एकात मला केमिकलच्या डिप्लोमाला जागा मिळाली. पैसे भरायला बारा दिवस होते. अण्णा मला घेऊन डहाणूच्या बँकेत गेले. साहेबांनी अर्ज हातात घेतला, अण्णांचं नाव वाचलं आणि अर्ज तसाच परत दिला. "आधीचं खातं साफ करून या," इतकंच म्हणाले, आणि तेही हळू आवाजात, म्हणजे माणूस वाईट नव्हता. वाडी काकांच्या आणि अण्णांच्या समाईक नावावर, त्यामुळे ती गहाण टाकायची तर काकांची सही हवी, आणि काकांशी बोलणं बंद.

त्या संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "तलासरीला नवी पतपेढी निघालीय. नाक्यावर."

"तिथे आपल्याला कोण ओळखतं?" आई म्हणाली.

"तेच तर सांगतोय. कोणी ओळखत नाही."

"ओळखत नाहीत तर देतील कशाला?"

"पगारदार जामीन दिला की देतात. सरकारी पगार पाहिजे."

"मग द्या की. तुमच्या भावाचं तेवढं राहिलंच आहे, जामीन राहायचं."

अण्णा भाकरी मोडत राहिले. मग आईच म्हणाली, "रघुनाथ गुरुजी तलासरीलाच आहेत ना आता?"

रघुनाथ गुरुजी कासा बाजूच्या एका पाड्यावरचे, वारली समाजातले. त्यांच्या पाड्यातून नोकरीला लागलेला पहिला माणूस. आमच्या प्राथमिक शाळेत ते अकरा वर्षं होते. मला अक्षर त्यांनी शिकवलं. पाटीवर रेघा मारून, माझा हात धरून, 'क'चं पोट गोल येईपर्यंत ते सोडायचे नाहीत. माझ्या अक्षराचं आजही लोक कौतुक करतात. शाळा सुटल्यावर कधी ते आमच्या ओटीवर यायचे. आई त्यांना चहा द्यायची, तो वेगळ्या पेल्यात. तो पेला ओटीच्या कोनाड्यात असायचा. चहा झाला की गुरुजी स्वतः अंगणातल्या पिंपाशी जाऊन तो धुवायचे, उपडा ठेवायचे आणि मग निरोप घ्यायचे. हे मी रोज पाहत होतो आणि मला त्यात काही दिसत नव्हतं. तेव्हा सगळ्याच घरांत असं होतं, असं स्वतःला सांगून मी पुष्कळ वर्षं काढली.

आईने सांगितलं, त्यांना जेवायला बोलाव. मी एस.टी.ने तलासरीला गेलो. गुरुजी शाळेच्या व्हरांड्यात हजेरीपट लिहीत बसले होते. मला बघून उठलेच. "अरविंद! केवढा झालास रे. मिशी कोणाची लावून आलास?" मी आमंत्रण सांगितलं. ते थोडं थांबले आणि मोठ्याने हसले. "अकरा वर्षं तुमच्या गावात होतो. तेव्हा ताट नाही वाढलं, आणि बदली झाल्यावर आठवण आली होय?" मीही हसलो. मग मी पॉलिटेक्निकचं सांगितलं, पतपेढीचं सांगितलं, जामीन लागतो हेही सांगितलं. अण्णांच्या फळ्याचं सांगितलं नाही. गुरुजींनी नाक्यावर नेऊन मला भजी खायला घातली. हॉटेलवाल्याला म्हणाले, "माझा विद्यार्थी. इंजिनिअर होतोय."

रविवारी ते येणार होते. सकाळी मी पतपेढीचा अर्ज भरायला बसलो. अक्षर माझं चांगलं, म्हणून मीच भरत होतो. एका रकान्यात विचारलं होतं: अर्जदाराच्या कुटुंबातील कोणी इतर कोणत्याही संस्थेचा थकबाकीदार आहे काय? मी अण्णांना विचारलं, "इथे काय लिहू?" अण्णा दारात उभे राहून वाडीकडे बघत होते. वळले नाहीत. म्हणाले, "तुला शिकायचंय ना?" दुसरं काही म्हणाले नाहीत. 'नाही' मी लिहिलं. माझ्या हाताने, सुबक अक्षरात. अण्णांनी मला ते लिहायला सांगितलं असं मी पुढे एकदा म्हणालो, त्याबद्दल सांगेनच. त्यांनी सांगितलं नव्हतं.

गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले. ओटीवर चप्पल काढून नेहमीच्या जागी टेकणार, एवढ्यात आई बाहेर आली. "आत या, भाऊजी." तिने त्यांना कधी भाऊजी म्हटलं नव्हतं. माजघरात तिने पाट मांडला होता, आमच्याच ताटांपैकी ताट, शेजारी अण्णांचा पाट. गुरुजी उंबरठ्याशी थांबले. "इथे बाहेर बरंय, वहिनी. वारा आहे."

"आज आत. घरचं माणूस बाहेर बसतं का?"

ते आत आले. उंबरठा ओलांडताना त्यांनी पाय इतका उंच उचलला की जणू तिथे पाणी साचलं होतं. वालाचं बिरडं, तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, शेवटी गुळाची खीर. आई आग्रह करत होती आणि गुरुजी मान खाली घालून जेवत होते. त्यांचे कान लाल झाले होते. अण्णा एरवी जेवताना बडबड करत, त्या दिवशी त्यांनी फक्त "घ्या, घ्या" केलं, आणि हात धुऊन झाल्यावर इंजिन बघायला म्हणून मागे गेले ते आलेच नाहीत. इंजिन दोन वर्षं बंद होतं.

मी अर्ज आणला. गुरुजींनी खिशातून चष्मा काढला, पहिलं पान उचललं आणि वाचायला सुरुवात केली. मी बघत होतो. ते तिसऱ्या ओळीवर असतील. आई सुपारीचं तबक घेऊन आली आणि म्हणाली, "वाचा की, भाऊजी, निवांत वाचा. आमचं काही लपवण्यासारखं नाही." गुरुजींनी चष्मा काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. "छे, छे. घरात बसून जेवलो, आता घरच्या माणसांचे कागद काय वाचायचे?" पाच ठिकाणी सह्या केल्या. ज्या घराने अकरा वर्षं ओटीच्या आत घेतलं नाही, त्या घराने पहिल्यांदा पाटावर बसवलं, आणि त्या पाटावर बसून कागद तपासायचा म्हणजे आमच्यावर अविश्वास दाखवायचा, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. आईला ते माहीत होतं. ती दुष्ट बाई नव्हती. तिच्या मुलाला जागा मिळाली होती आणि सहा दिवस उरले होते.

कर्ज मंजूर झालं. मी शिकलो, एका विषयात अडकून चार वर्षांत डिप्लोमा केला, आणि वापीला रंगाच्या कारखान्यात लागलो. पगार थोडा होता. हप्ते सुरू झाले तेव्हा अण्णा म्हणाले, "तू जम बसव, मी चिकूतून भरतो." त्यांनी पहिले दोन भरले. एका सुटीत घरी गेलो होतो, तेव्हा तांदळाच्या डब्यातून पायली काढताना डब्यामागे पतपेढीची पत्रं सापडली. चार. एकही फोडलेलं नव्हतं. मी ती होती तशी परत ठेवली आणि तांदूळ आईला नेऊन दिले.

पुढे पतपेढीला डहाणूच्या फळ्याचं कळलं. खोटी माहिती दिली म्हणून त्यांनी सगळी रक्कम एकदम मागितली, आणि आमच्याकडून येत नाही म्हटल्यावर गुरुजींच्या पगारातून कपात सुरू झाली. हे मला नंतर कळलं. गुरुजींनी तेव्हा फक्त एक पोस्टकार्ड पाठवलं होतं: 'चि. अरविंद, सवडीने पतपेढीत जाऊन यावे. घरी सर्वांना नमस्कार.' मला सवड झाली नाही. पोस्टकार्ड मी उशीखाली ठेवलं, मग पेटीत, मग ते कुठे गेलं ठाऊक नाही.

एका दुपारी दोनची पाळी सुटली आणि गेटवर गुरुजी उभे. हातात छत्री आणि कापडी पिशवी. वापीच्या हवेने त्यांचे डोळे चुरचुरत होते, सारखे पुसत होते. मी त्यांना समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं.

"सुनंदाला डी.एड.ला नंबर लागलाय," ते म्हणाले. सुनंदा त्यांची थोरली मुलगी. मी तिला तलासरीच्या शाळेत एकदाच पाहिलं होतं, दोन वेण्या घातलेली. "नाशिकला. खासगी आहे, पण मान्यता आहे. पोरीने अभ्यास केला रे. कंदिलाची काच रोज तीच पुसायची."

"वा, गुरुजी."

"फी भरायचीय. मी पतपेढीत गेलो. मॅनेजर म्हणाला, गुरुजी, तुमचं नाव चालणार नाही. तुम्ही थकलेल्या कर्जाला जामीन आहात." गुरुजी हसले. "मी म्हटलं, अहो, मी एक रुपया कोणाचा ठेवला नाही. तो म्हणाला, ते खरं, पण कागद तसं म्हणत नाही. बँकेत गेलो. ते म्हणतात, पगारातून कपात चालू आहे, मग नवा हप्ता कशातून देणार?"

मी चहा ढवळत होतो. साखर कधीच विरघळली होती.

"मॅनेजरने अर्ज दाखवला मला," गुरुजी म्हणाले. "सगळे बसले होते तिथे, पगाराचा दिवस होता. म्हणाला, ही खोटी माहिती, आणि खाली तुमची सही. मी बघितलं. 'नाही' लिहिलेलं. अक्षर ओळखलं मी, अरविंद."

ते माझ्याकडे बघत होते, पण रागाने नव्हे. वर्गात उत्तर येत नसलं की ते असेच थांबायचे, आणि मग पहिला शब्द स्वतःच सांगायचे. आताही त्यांनी तेच केलं. "अण्णांनी लिहायला लावलं असेल."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं, असं मला वाटलं. "झालं ते झालं. तू राहिलेलं भरलंस तर ते मला पत्र देतील, मग मुलीचा अर्ज घेतील. पंधरा तारखेच्या आत मात्र. माझे कापले गेलेले राहू देत, ते नंतर बघू."

"भरतो, गुरुजी. नक्की भरतो."

एस.टी.त बसताना त्यांनी पिशवीतून एक पुडी काढून मला दिली. नागलीचे पापड होते. सुनंदाच्या आईने दिले होते.

पैसे माझ्याकडे होते. हे लिहायलाच मी हे प्रकरण घेतलं, तर लिहितो. लग्न ठरत होतं, मुलीकडचे खोली बघायला येणार होते, त्या खोलीच्या अनामतीसाठी मी वर्षभर साठवले होते. तरी मी ते काढून आणले, दोन दिवस खिशात बाळगले. माझ्या शेजारच्या यंत्रावर रमणभाई होते, वयाने मोठे, व्यवहारी. त्यांना सांगितलं. "थोभ ने, भाई, जरा थांब," ते म्हणाले. "अत्ता भरशील तर पूरेपूर व्याज घेतील. दिवाळीनंतर या पतपेढीवाले सूट काढतात, वसुली दाखवायला. अर्ध्यात सुटशील. तुझा मास्तर थोडा थांबेल, एवढं काय?" मला ते पटलं. पटावं असंच मला वाटत होतं. मी स्वतःला सांगितलं, गुरुजी सरकारी माणूस आहेत, कुठून तरी करतील, शिक्षक एकमेकांना मदत करतात. पंधरा तारीख गुरुवारी होती. मी त्या दिवशी जादा पाळी केली, म्हणजे कोणी गेटवर आलं तरी मी आत असेन.

दिवाळीनंतर खरोखर सूट निघाली. मी तलासरीला जाऊन पैसे भरले. मॅनेजरने हात मिळवला आणि थकबाकी नसल्याचा दाखला दिला. "जामीनदाराला पण पत्र पाठवतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "पाठवा." तोवर नाशिकचे वर्ग सुरू होऊन किती महिने झाले होते ते मी मोजलं नाही. परतीच्या जीपमध्ये मला हलकं वाटत होतं. खोलीही मिळाली. मी रमणभाईंना पेढे दिले.

सुनंदाने दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला, तेव्हा गुण कमी पडले. मग तिचं लग्न झालं. हे मला चिखल्याच्या एका माणसाने सहज सांगितलं, त्याला वाटलं मला जुन्या गुरुजींची बातमी ऐकून बरं वाटेल.

गुरुजींना भेटायचं मी तीन वेळा ठरवलं. एकदा कासापर्यंत गेलो, बाजारातून मिठाई घेतली आणि त्यांच्या पाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. जीप भरेपर्यंत थांबावं लागतं. चौदा माणसं चढेपर्यंत मी बसून होतो, आणि ड्रायव्हर आला तसा उतरलो. एकदा विवळवेढ्याच्या देवीच्या जत्रेत ते लांबून दिसले, काठी घेऊन, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. मी बायकोला म्हटलं, गर्दी फार आहे, दर्शन पुढच्या वर्षी घेऊ. तिने विचारलंही नाही. तिसऱ्या वेळी ठरवलं तेव्हा ते गेले होते, आणि मला कळायला महिना उलटला होता.

तरी गेलो. गुरुजींच्या बायकोला आता ऐकू येत नाही, ती आत झोपली होती. सुनंदाने दार उघडलं. केस पिकलेले, अंगावर अंगणवाडीची साडी. ती तिथे मदतनीस आहे. मुलांना खिचडी वाढते, हात धुवायला लावते, शिकवायला दुसरी बाई आहे. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "ओळखलं मी. वापीचे ना तुम्ही? या, आत या." तिने खुर्ची पुढे केली, पदराने पुसली. "बाबा तुमचं फार सांगायचे. तुमच्यासारखं अक्षर पुन्हा कोणाचं झालं नाही म्हणायचे. घरात कधी वाईट बोलले नाहीत तुमच्याबद्दल. आई बोलायची, तर तिला गप्प करायचे."

तिने पाण्याचा तांब्या आणि पेला आणून ठेवला. मी एस.टी.त पाठ केलेलं वाक्य तयार होतं. सुनंदा, ते 'नाही' मी लिहिलं, अण्णांनी नाही, आणि पंधरा तारखेला माझ्याकडे पैसे होते, तुझी जागा माझ्यामुळे गेली, मला क्षमा कर. एवढंच होतं. फार लांब नव्हतं. ती समोर उभी होती, थांबली होती. मला काही सांगायचं आहे हे तिला कळलं होतं.

मी पेला रिकामा केला आणि म्हणालो, "पाणी गोड आहे तुमच्या विहिरीचं."

"हो," ती म्हणाली. "मे महिन्यातसुद्धा आटत नाही."